'अ' बाटलीतला पांढरा गोळा

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, पुण्याहून आलेल्या समितीच्या तीन सदस्यांसमोर, केंद्राचे संचालक डॉ. विजयसिंह रणवरे यांनी लाखेचं सील स्वतःच्या हातानं फोडलं, बूच काढलं, बाटली पेल्यावर उपडी केली, आणि बाटलीतून काहीही पडलं नाही.

त्यांनी बाटली हलवली. आत एक पांढरा गोळा डुगडुगला. रबरासारखा.

समिती नाश्ता करून आली होती ती याच बाटलीतून पाण्यासारखं द्रव्य पडताना बघायला. द्रव्य होतं केंद्रातली संशोधक प्रियदर्शनी लोंढे हिचं. गाईची धार काढली की सडाचं तोंड अर्धा तास उघडं राहतं. तेवढ्यात जंतू आत शिरतात, कास सुजून दगडासारखी होते, आणि बारामती-इंदापुरात या आजाराला सरळ 'दगडी' म्हणतात. अमाईन जातीची काही द्रव्यं हे जंतू फार चोख मारतात. पण ती नुसती लावली तर धुऊन जातात, आणि जातात ती दुधात. प्रियदर्शनीनं चार वर्षं खपून असलं एक अमाईन लांबलचक साखळीच्या द्रव्याला जोडलं. ही झाली 'अ' बाटली, पातळ. 'ब' बाटलीत होता टाके घालणारा पदार्थ. दोन्ही सडावर एकत्र लावले की 'ब' एका साखळीतल्या अमाईनला दुसऱ्या साखळीतल्या अमाईनशी टाचून टाकतो, वाकळीचे थर टाचावेत तसे. टाके कमी पडले तर सगळं धुऊन जातं. जास्त पडले तर जंतू मारायला एकही अमाईन मोकळं उरत नाही. किती घालायचे, ही तिची विद्या. दहा मिनिटांत सडावर मधाच्या रंगाचं पातळ कातडं तयार होई आणि पुढच्या धारेला चिमटीनं सोलून निघे. केंद्रात त्याला एकोणीस शब्दांचं इंग्रजी नाव होतं. गोठ्यातल्या बाया त्याला 'मोजा' म्हणत.

'अ' बाटली सहा महिने पातळ राहते, हा तिचा दावा. त्यासाठी एक भरलेली बाटली ऑगस्टमध्ये संचालकांच्या सीलखाली स्टोअरच्या फ्रीजमध्ये ठेवली होती. मधल्या काळात तिच्यात फक्त एक बदल व्हायला हवा होता, तो म्हणजे सहा महिने जाणं. बदल म्हणाल तर केंद्रानं बराच केला होता. जानेवारीत त्याचं नाव 'पशुस्वास्थ्य संशोधन केंद्र' होतं ते 'उत्कृष्टता केंद्र' झालं, पेढे वाटले गेले, आणि गेटवरच्या पाटीपासून संचालकांच्या शिक्क्यापर्यंत सगळं नवीन आलं. उत्कृष्टता तेवढी मागाहून यायची होती.

समितीच्या अध्यक्ष डॉ. स्वरूपा टिळेकर यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. विजयसिंह मात्र बोलले. बाटली भरतानाच हिच्या हातून 'ब' मिसळला असणार आणि सहा महिन्यांच्या नोंदी घरी बसून लिहिल्या असणार, असा त्यांचा तर्क होता, आणि तो त्यांच्याकडे तयारच होता असं वाटावं इतका सलग होता. समिती गेल्यावर त्यांनी प्रियदर्शनीला आत बोलावून एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. निष्काळजीपणाची कबुली. खाली तिच्या सहीसाठी जागा. शनिवारी समिती पुन्हा येणार होती; तोवर सही झाली तर प्रकरण मिटेल, प्रकल्प 'सुधारित स्वरूपात' यशराजकडे जाईल, पेटंटवर त्याचं नाव पहिलं, तिचं कुठंतरी राहील. नाही झाली तर खोट्या नोंदींची तक्रार, आणि मग तिला कुठलीच प्रयोगशाळा दारात उभी करणार नाही.

यशराज हा संचालकांचा भाचा. ऑफिसात 'सर' म्हणायचा.

"आम्ही तुमच्यासारख्यांना पुढं आणायला बघतो," विजयसिंह म्हणाले, "आणि तुम्ही हे असं."

२

प्रियदर्शनीची आत्या, केसरबाई लोंढे, निमगाव केतकीला राहत. एका हायस्कुलात एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होत्या, म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या. शास्त्राचे सोळा शिक्षक आले आणि बदलून गेले. नळ्या त्याच राहिल्या. पुस्तकात रसायन वाचणारे पुष्कळ असतात. केसरबाईंनी ते घासून काढलं होतं. कुठला डाग ॲसिडनं जातो, कुठला नुसत्या राखेनं, आणि कुठला जातच नाही म्हणून बाटली फेकायची, हे त्यांना बोटांनी कळे.

त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि गावची मेलेली जनावरं ओढणं त्याच आठवड्यात बंद केलं. भाची जिवंत जनावरांकडे वळली याचं त्यांना कौतुक होतं. ते त्या बोलून दाखवत नसत.

बुधवारी दुपारच्या एसटीनं प्रियदर्शनी आली. केसरबाईंनी तिला जेवू घातलं, मग तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला.

"तुमच्यासारख्यांना म्हंजी कसल्यांना, इचारलंस का त्याला?"

"नाही."

"इचारायचं व्हतं." त्यांनी कागदाची घडी घातली. "सही करणार हायेस?"

प्रियदर्शनी म्हणाली की तिच्या हातून 'ब' मिसळलेला नाही. पण गोळा तर झालाय, आणि अमाईनं आपोआप टाचली जात नाहीत. आपल्याकडून काही चुकलंच नसेल असं छातीठोक कसं सांगायचं, कळत नाही.

आत्यानं मग एकच प्रश्न विचारला. गोळ्याचा रंग.

"पांढरा."

"आन् तुजा मोजा?"

"मधासारखा. कायम. 'ब'नं टाचलं की पिवळा रंग येतोच..." प्रियदर्शनी बोलता बोलता थांबली.

"मग ते टाकं तुजं न्हायती," केसरबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच कुणीतरी शिवलंय."

३

गुरुवारी सकाळी केसरबाई डबा घेऊन भाचीबरोबर केंद्रात शिरल्या. गेटवर कुणी विचारलं नाही. काचसामान धुणारी बाई रजेवर होती आणि मोरीत आठवड्याची भांडी साचली होती. केसरबाईंनी पदर खोचला. देशभरातल्या कुठल्याही संशोधन केंद्रात, भांडी धुणाऱ्या बाईला 'तुम्ही कोण' असं कुणी विचारत नाही. फार तर 'हे पण घ्या' म्हणतात.

तसं साडेदहाला यशराजनं म्हटलं. एक ट्रे आणून ठेवला आणि सरांनी सगळं स्वच्छ करायला सांगितलंय असं बजावलं. ट्रेमध्ये ती बाटली होती. समितीच्या तिघांच्या सह्यांची चिठ्ठी अजून तिच्यावर चिकटलेली. पुरावा नष्ट करायला लोक जाळतात, पुरतात. विजयसिंहांनी तो धुवायला टाकला होता, आणि धुवायला बसल्या होत्या केसरबाई.

गोळा बाटलीच्या निम्म्यापर्यंतच होता. बाटलीवर भरल्याची रेघ मात्र गळ्याजवळ. थिजल्यानं द्रव्य थोडं आकसतं, निम्मं होत नाही. म्हणजे अर्धं कुणीतरी काढून घेतलं होतं. बुचाच्या माथ्यावर तांबड्या शाईचा ठिपका होता. भाचीनं तो दिलेला नव्हता. गळ्याच्या दोऱ्याला लाखेचा तुकडा लटकत होता. केसरबाईंनी सगळं जेवणाच्या डब्यात घातलं. भाकरी कागदात बांधली.

स्टोअरचा दीपक चहा द्यायला आला तेव्हा त्यांनी त्याला बोलतं केलं, म्हणजे त्याच्याकडे बघून 'दमलास रं' म्हटलं. दीपकचं म्हणणं, फ्रीजची किल्ली त्याच्याकडेच असते, कुणालाच मिळत नाही, फक्त ज्यांचे डबे आत असतात त्यांना मिळते. डबे अकरा जणांचे. पण सील शाबूत होतं, ते त्यानं रोज पाहिलं होतं. आणि यशराजसाहेबांचं काय विचारता, ते सध्या वैतागलेत. हैदराबादच्या एका कंपनीला त्यांनी आपलं म्हणून काहीतरी औषध पाठवलं होतं, ते सोमवारी परत आलं. पार्सलवर कंपनीनं लिहिलं होतं, नमुना घट्ट असल्यानं तपासता आला नाही.

"कुठंय ते पार्सल?"

"माझ्याकडंच पडलंय. न्यायलाच येईनात."

त्यांनी ते बघायला मागितलं. आत अर्धी बाटली पांढरा गोळा होता. आणि बुचावर तांबडा ठिपका.

चोरानं माल नेला, इथवर समजत होतं. पण स्वतःकडचा मालही त्यानं नासवून का ठेवला? यशराजला पातळ औषध हवं होतं. आपल्याच चोरीत आपणच विष कालवणारा चोर केसरबाईंनी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता, आणि हायस्कुलात चोर काही कमी नव्हते.

दुपारी त्या धुतलेल्या बाटल्या ठेवायला दूध तपासणीच्या खोलीत गेल्या. तिथं मानसिंगतात्या असत. केंद्रात येण्याआधी तात्यांनी इंदापूरकडच्या एका दूध संकलन केंद्रावर बावीस वर्षं फॅट काढली होती. सरळ माणूस. प्रियदर्शनीला 'पोरी' म्हणत आणि तिच्यासाठी घरच्या शेंगा आणत. केसरबाईंनी बाटल्या ठेवायला हात वर केला आणि तो तसाच राहिला.

फळीवर दुधाच्या नमुन्यांच्या तीस छोट्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. तिसांच्याही बुचावर तांबडा ठिपका.

४

विचारल्यावर तात्यांनी हौसेनं सांगितलं. नमुना म्हणजे दुसऱ्याची अब्रू असते. ती आपल्या हाताखाली नासली नाही पाहिजे. म्हणून नमुना हातात आला की आधी फॉर्मलिनचे थेंब. मग बुचावर तांबडी खूण, नाहीतर एखादा ते दूध चहात घालायचा. बावीस वर्षांत एक नमुना नासू दिला नाही. आता तर सवयच अशी की बाटली दिसली की हात आपोआप जातो.

"आन् औशिदाची बाटली दिसली तरी?" केसरबाईंनी विचारलं.

तात्या हसले. मग त्यांचं हसणं हळूहळू उतरलं.

केसरबाईंनी पुढं ताणलं नाही. शुक्रवारी सकाळी त्यांनी आणि प्रियदर्शनीनं ताजं 'अ' तीन परीक्षानळ्यांत घेतलं. पहिलीत काही घातलं नाही. दुसरीत 'ब' घातला, तिसरीत फॉर्मलिनचे थेंब, आणि तिन्ही कोमट पाण्यात उभ्या केल्या. दुपारपर्यंत पहिली पातळ होती. दुसरीत मधाच्या रंगाचं रबर. तिसरीत पांढरा गोळा. फॉर्मलिन दुधाला राखतं, पण अमाईनाला सोडत नाही. जिथं सापडेल तिथं टाके घालतं, आणि किती घालायचे याचा त्याला काही धरबंध नसतो.

ती नळी घेऊन केसरबाई एकट्याच तात्यांकडे गेल्या आणि टेबलावर ठेवली. तात्यांनी ती उचलून उजेडाकडे धरली. मग जे सांगितलं ते खालच्या आवाजात. वरून सांगणं आलं होतं, त्यातलं अर्धं काढून दुसऱ्या बाटलीत भर, दुसऱ्या प्रयोगशाळेला दाखवायचंय, पोरीचंच भलं होईल. तात्यांनी भरलं. दोन्ही नमुने उघड्यावर आले होते, नासतील म्हणून दोन्हींत थेंब टाकले आणि खुणा केल्या. मंगळवारी बाटली उपडी झाली तेव्हा त्यांना वाटलं की काहीतरी आपल्यामुळं झालंय. काय, ते कळलं नाही. पण तेव्हापासून जेवण जात नव्हतं.

"वरून म्हंजी कुणी?"

तात्यांनी खिडकीकडे तोंड केलं. त्यांची नोकरी मार्चमध्ये संपत होती. मुदतवाढीचा कागद सहीसाठी वर होता. घरी आजारी बायको, द्वारकाबाई. तिचा इलाज नोकरीच्या कार्डावर चालला होता.

"केसरबाई, माजं नाव घ्या," ते म्हणाले. "माजंच. एवढ्यावर भागवा. फुडचं मी सांगणार न्हाय."

५

शनिवारी समिती बसली. विजयसिंहांनी कबुलीचा कागद मध्ये ठेवला होता आणि त्यावर पेनही ठेवलं होतं. प्रियदर्शनी आली ती हातात परीक्षानळ्यांचा स्टँड घेऊन. मागून डबा घेऊन केसरबाई आल्या. विजयसिंह म्हणाले, धुणंभांडी नंतर. डॉ. स्वरूपा म्हणाल्या, बसू द्या.

प्रियदर्शनीनं तीन नळ्या दाखवल्या, मग डब्यातली बाटली आणि दीपकनं आणलेलं पार्सल. ती सावकाश बोलली. 'ब' मिसळला असता तर गोळा मधाच्या रंगाचा झाला असता. तो पांढरा आहे, म्हणून त्यात 'ब' नाही, फॉर्मलिन आहे. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, आता निम्मी आहे. उरलेली निम्मी हैदराबादहून परत आलेल्या या पार्सलात आहे आणि पाठवणाऱ्याच्या जागी यशराजचं नाव आहे. खरं-खोटं करायचं असेल तर दोन्ही गोळे पुण्याला नेऊन तपासावेत.

यशराज म्हणाला, हा त्याचा स्वतंत्र प्रयोग होता. कसला, असं स्वरूपाबाईंनी विचारलं. त्यानं मामांकडे पाहिलं.

मामा शांत होते. त्यांनी मानसिंगतात्यांना बोलावून घेतलं आणि थेट विचारलं, बाटलीत थेंब तुम्ही टाकले का. तात्या म्हणाले, होय. कुणाला न विचारता टाकले का. तात्या म्हणाले, थेंब माझेच. विजयसिंहांनी हात पसरले. झालं, म्हणाले, एका म्हाताऱ्या कर्मचाऱ्याची चूक. कुणी मुद्दाम केलेलं नाही. प्रियदर्शनीवर आता ठपका नाही, कागद फाडून टाकू, पेटंटवर हवं तर तिचं नाव पहिलं घ्या. मानसिंगना घरी पाठवू आणि चहा मागवू.

चार वर्षांत तिला जे मिळालं नव्हतं ते चहाबरोबर मिळत होतं. फक्त तात्यांच्या अंगावरून चालत जायचं होतं.

"नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "तात्यांनी बाटली उघडली. ती बंद कुणी केली?"

विजयसिंहांनी विचारलं, म्हणजे काय.

केसरबाई उठल्या. "बाई, मंगळवारी फोडायच्या आदी तुमी सीलाचा फोटू काढलाता न्हवं? तो काढा."

समित्या सगळ्याचेच फोटो काढतात. स्वरूपाबाईंनी मोबाईल उघडला. तांबड्या लाखेवर शिक्का स्वच्छ उठलेला होता. दातेरी चक्रात उभी असलेली गाय, आणि भोवती गोल अक्षरांत 'उत्कृष्टता केंद्र'.

"बाटली कवा सील झालीया?" केसरबाईंनी विचारलं.

"ऑगस्टमध्ये," स्वरूपाबाई म्हणाल्या, आणि फोटोकडे पुन्हा बघू लागल्या.

"उत्कृष्ट कवा झाला तुमी?"

भिंतीवर नामकरण सोहळ्याचा मोठा फोटो होता, त्यात तारीख होती. ऑगस्टमध्ये त्या शिक्क्यावर गाय चक्राबिक्राशिवाय नुसती उभी असे, आणि नाव जुनं असे. जानेवारीत जन्मलेला शिक्का ऑगस्टच्या बाटलीवर बसला होता. महिनाभर हेच नवं नाव सगळीकडे बघून डोळे इतके सरावले होते की ते चूक आहे हे त्या खोलीतल्या सहाही पदवीधरांना दिसलं नव्हतं. केसरबाईंनी केंद्र पहिल्यांदाच पाहिलं होतं.

नवा शिक्का एकच होता. संचालकांच्या टेबलाच्या खणात, आणि खणाची किल्ली त्यांच्या कमरेला.

"तात्या," स्वरूपाबाई म्हणाल्या, "आता तरी सांगा. वरून म्हणजे कुणी?"

मानसिंगतात्यांनी विजयसिंहांकडे पाहिलं. विजयसिंहांनी टेबलावरच्या फायलींच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. त्यात मुदतवाढीची फाईल होती. तात्यांना ती पाठीवरून ओळखू आली.

"शिक्का ह्यांनी मारला," तात्या म्हणाले. "माज्यासमोर. मी दोरा धरला व्हता." मग विजयसिंहांकडे वळून, "सायेब, ती फाईल राहू द्या वर. द्वारकीला मी सांगीन काय सांगायचं ते."

६

डॉ. स्वरूपा टिळेकरांनी जबाब लिहून घेतले. तात्यांनी सही केली, दीपकनं केली. यशराजनं 'सरांना विचारून करतो' म्हटलं. तात्यांची मुदतवाढ चौकशीच्या निकालापर्यंत अडवता येणार नाही, असा एक परिच्छेद प्रियदर्शनीनं आपल्या जबाबात घालायला लावला आणि घातल्याशिवाय स्वरूपाबाईंना पेन खाली ठेवू दिलं नाही.

मग स्वरूपाबाईंनी तिला बाजूला घेतलं. दावा मान्य करायला समितीला आता अडचण वाटत नाही, म्हणाल्या. अन्याय झालाय, नोंदी व्यवस्थित आहेत, विश्वासावर पास करता येईल.

प्रियदर्शनीनं मान हलवली. विश्वासावर पास झालेली म्हणून हे लोक आयुष्यभर दाखवतील, म्हणाली. तिला उपकार नको होता, परीक्षा हवी होती. तिनं कपाटातून तीन स्वच्छ बाटल्या काढल्या, सगळ्यांसमोर 'अ' गळ्यापर्यंत भरलं आणि ओळीनं मांडल्या. "सील तुमचं लावा. कुलूप तुमचं. एक बाटली पुण्याला न्या, दोन इथं राहू द्या. सहा महिने आजपासून मोजा."

स्वरूपाबाई लाख वितळवायला लागल्या.

विजयसिंह अजून खोलीत होते. चौकशी पूर्ण होईपर्यंत संचालक हे संचालकच असतात, तसा नियम आहे. त्यांनी बाटल्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे अजून सहा महिने तू इथं, माझ्या केंद्रात, माझ्यासमोर बसणार?"

"व्हय," प्रियदर्शनी म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.